वाशांवरची काजळी
लेखमाला : जुनी घरं वाचताना – भाग ४

इंग्लंडमधल्या केंट परगण्यात, चिडिंगस्टोन गावाच्या शिवारात, ‘बेलीफ’ नावाचं एक शेतकऱ्याचं घर साडेपाचशे वर्षं उभं होतं. १९६०च्या दशकात तिथे बाउ बीच जलाशय बांधायचं ठरलं आणि घर बुडीत क्षेत्रात आलं. मग १९६८-६९मध्ये त्याचा लाकडी सांगाडा सुटा केला गेला आणि ससेक्समधल्या सिंगलटनच्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात तो पुन्हा जोडण्यात आला. या खुल्या संग्रहालयाचे संस्थापक रॉय आर्मस्ट्राँग यांनी क्रॉलीचं नवं नगर उभारताना मध्ययुगीन घरं पाडली जाताना पाहिली होती. संग्रहालयाच्या कल्पनेचं मूळ त्या अनुभवात होतं.

बेलीफ चार खणांचं घर आहे. मधल्या दोन खणांत मुख्य दालन, तेही जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत मोकळं. दोन्ही टोकांचा एकेक खण मात्र दुमजली, आणि तिथला वरचा मजला खालच्या भिंतीच्या पुढे आलेला. छप्पर सगळ्यांवर एकच असल्यामुळे मध्यभागी वळचण भिंतीपासून बरीच पुढे येते आणि तिला वाकड्या लाकडांचे टेकू लागतात. या घडणीला ‘वील्डन’ घर म्हणतात. भिंती कुडाच्या : ओकच्या चौकटीत काटक्यांचं विणकाम आणि त्यावर माती, शेण, पेंढ्याचं लिंपण. कोकणातला कारवीचा कुड पाहिलेल्याला हे काम लगेच ओळखू येईल.

घराचं वय लाकडानेच सांगितलं. ओकमधल्या वर्षवलयांवरून दालन आणि एका टोकाचा, कोठीचा खण १४०५ ते १४३०च्या दरम्यानचा ठरला. दुसऱ्या टोकाचा खण मात्र १५०५-१०चा, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी धाकटा! त्यात खाली बैठकीची खोली आणि वर निजण्याची खोली, तिला लागूनच भिंतीबाहेर काढलेला शौचकूप. चारचौघांच्या दालनापासून अलग अशी खासगी जागा या खणात कुटुंबाच्या वाट्याला आली.

दालनात चूल कुठे होती? जमिनीवर, उघड्यावर. धुराडं नव्हतं. धूर वर चढायचा, छपरात घोटाळायचा आणि फटींतून बाहेर पडायचा. अशा घरांचे वासे काजळीने काळे होतात. पुढे कुणी दालनावर माळा घातला, तरी माळ्यावरच्या अंधारात ती काजळी टिकून राहते. जुन्या घरांचे अभ्यासक म्हणूनच आधी छपरात शिरतात. वासे काळे दिसले, की खालचं दालन एके काळी आढ्यापर्यंत मोकळं होतं हे उघड होतं.

सोळाव्या-सतराव्या शतकांत शेतकऱ्यांच्या घरांत विटांची धुराडी आली. धुराला वाट मिळाल्यावर दालनाची वरची पोकळी वापरता येऊ लागली. तिथे तुळया टाकून खोल्या झाल्या. बेलीफमध्येही धुराडं आलं, दालनावर मजला चढला.

घर पुन्हा उभं करताना खरा पेच इथेच होता. कोणतं बेलीफ उभं करायचं? संग्रहालयाने सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं रूप निवडलं. नंतरचं धुराडं आणि मजला वगळला, जमिनीवरची चूल परत आली, हरवलेल्या भागांसाठी नवा ओक वापरला, खिडक्यांना काचांऐवजी लाकडी गज आणि झडपा बसल्या. मध्ययुगीन दालनाची उंची आज अनुभवता येते ती यामुळेच. पण धुराड्याच्या उबेत राहिलेल्या पुढच्या पिढ्यांचं घर त्यासाठी दृष्टीआड झालं. ही किंमत मोठी आहे आणि ती मोजायलाच हवी.

शिवाय निवडलेलं रूपही ‘मूळ’ नाही. त्यात १४३०च्या आधीचे तीन खण आणि शतकानंतरचा चौथा खण शेजारी शेजारी नांदतात. घरात बदल करणाऱ्या १५१०च्या कुटुंबाला जो मान संग्रहालयाने दिला, तो धुराडं बांधणाऱ्यांना मिळाला नाही.

(पुढील भागात : बेलीफच्या आवारात आणून उभारलेलं काऊफोल्डचं कोठार आणि त्यातलं मळणीचं खळं.)