धरलेली कंबर आणि पुढची वर्षे



या अंकात बेणे व खताऐवजी कमरेविषयी लिहीत आहोत. गटात फिरताना पन्नाशीच्या सभासदाशी बोलणे ऊस नोंदीवरून सुरू होते आणि हमखास कमरेवर येते. "साहेब, चार वर्षं झाली. एकदा चमक भरली ती भरलीच. बसलं की उठवत नाही." ताज्या उसणीवर काय करावे हे घरोघर ठाऊक आहे. कोणी विटेने शेकतो, कोणी पायाळू माणूस शोधून त्याची लाथ कमरेला लावून घेतो. बहुतेकांची उसण पाच-सहा आठवड्यांत आपोआपच पुष्कळ उतरते, श्रेय मात्र लाथेला जाते! प्रश्न आहे तो न उतरणाऱ्या दुखण्याचा.

आमचे मूळ गाव पूर्णगड, रत्नागिरी तालुक्यात मुचकुंदी नदीच्या मुखाशी. तिकडे आपल्यासारखे उसाचे फड नाहीत, पण कमरा तुमच्यासारख्याच. जांभ्याचा चिरा तीस किलोच्या आसपास भरतो, तो खाणीतून उचलायचा. होड्या वाळूवर ओढायच्या. पावसात दिवसभर वाकून भात लावायचे. घराचा गडगा बांधताना अशाच एका चिऱ्याने आमची कंबर धरली, त्याला आता नऊ वर्षे झाली. दुखणे पुरते गेलेले नाही. त्याच्यासकट आम्ही मोटारसायकलवरून शिवारफेरी करतो.

तेव्हा वडीलधाऱ्यांनी सांगितले होते, महिनाभर फळीवर पडून राहा. हा सल्ला अजून गावोगाव चालतो. पण १९८६ साली अमेरिकेत डॉ. डेयो व त्यांच्या सहकाऱ्यांनी कंबरदुखीच्या काही रोग्यांना दोन दिवस व काहींना सात दिवस पडून राहण्यास सांगून पाहिले. दोन दिवसवाले तितकेच बरे झाले, आणि कामाचे खाडे त्यांचे कमी पडले. २०२० साली जगात सुमारे ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी पुस्तिका काढली, तिच्यात व्यायाम, मालीश आणि दुखण्याची नीट समजूत यांना जागा आहे. कमरेचा पट्टा आणि वजने लावून ताणणे हे सरसकट करू नये असे म्हटले आहे. पट्ट्यावर पैसे घातलेल्या सभासदांना हे कडू लागेल.

कारण असे, की ताणलेला स्नायू बहुधा केव्हाच सांधलेला असतो. पण शरीर धास्तावलेले राहते, साध्या वाकण्यालाही कळ उठते. कळ आली की माणूस हलायचे टाळतो, पाठीचे बळ उतरते, आणि मग पाण्याची घागर उचलली तरी कंबर धरते. जुने दुखणे उठले म्हणजे दर वेळी नवी इजा झाली असे नव्हे. हे कळायला आम्हाला दोन वर्षे लागली. आता रोज सकाळी अर्धा तास चालतो, गाडीवरून दर दोन-तीन फडांनंतर उतरतो. युरियाचे पोते २०१८ पासून ४५ किलोचे झाले, तरी ते अख्खे उचलत नाही, बांधावरच दोन घमेल्यांत वाटून घेतो. लोक हसतात, हसू देत.

मात्र पायातली ताकद जाऊ लागली, जांघेत बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जावे. ताप किंवा वजन घटणे सोबत असले तरी डॉक्टरला दाखवावेच. पुडीत बांधून मिळणाऱ्या बिननावाच्या गोळ्यांनी चार दिवस उड्या मारता येतात, पण त्यांत स्टेरॉइड असू शकते.

सभासदाला निदान काम वाटून घेता येते, गडी लावता येतो. टोळीतल्या कोयत्याला ते जमत नाही. मजुरी टनावर, मुकादमाची उचल अंगावर, आणि खाडा झाला तर तो भरून द्यावा लागतो. ऊस जमिनीलगत तोडा असे आम्हीच सांगतो, कारण बुडख्याकडे साखर जास्त असते आणि खोडवाही जोमाने फुटतो. ते सांगणे सुटणार नाही. पण ते वाकणे दिवसभर त्या नवरा-बायकोच्या पाठीला पडते, वर ती बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. तेव्हा टोळी येण्याआधी गाडीवाट फडाच्या जवळपर्यंत मोकळी करावी, चर बुजवावेत. फळी हलते का ते स्वतः पाय देऊन पाहावे. मोळ्या लहान बांधल्या म्हणून मुकादमाकडे तक्रार करू नये. पुढच्या लागणीला पाच फुटी सरी धरली तर भरणीला छोटा ट्रॅक्टर चालतो, तेवढे कुदळकाम वाचते. त्याची आखणी करून हवी असल्यास गट कार्यालयात नाव द्यावे.