नवी लीग, लिलाव नको? मग समजून घ्या ड्राफ्टचं गणित

शिरूर-दौंडकडे टेनिस बॉलची नवी लीग भरवताय? लिलावात पैसेवाला संघ भारी पडतो. ड्राफ्टमध्ये बोलीच नसते, आळीपाळीने निवड होते. २०२२ मध्ये बालेवाडीत रंगलेल्या पहिल्या अल्टिमेट खो-खोचे सहा संघ ड्राफ्टनेच ठरले होते.

तुमचेही सहा संघ आणि दर फेरीला क्रम उलटा, असं धरा. पहिली निवड तुमची, तर पुढची थेट १२वी. मधल्या दहा निवडींत काय संपेल, हा खरा हिशोब. यादीत चांगले कीपर तीनच असतील तर पहिल्यांदा कीपरच उचला. फलंदाज काय, ढिगाने असतात! सहावा नंबर आला तरी हरकत नाही. सहावी-सातवी निवड सलग तुमचीच.