कट्टा भरला, पण शिकले किती?

नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास असे सगळे उरकून रात्री दहाला स्वतःचे पुस्तक उघडणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याचे खरे दुखणे वेगळेच असते. अडले तर विचारायला शेजारच्या बाकावर कोणी नसते. असा माणूस मध्येच शिक्षण सोडतो आणि आपण ‘चिकाटी नव्हती’ म्हणून मोकळे होतो.

ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले ते अशाच लोकांसाठी. प्रवेशाला जुन्या प्रमाणपत्राची अट नाही, पुस्तके टपालाने, पाठ बीबीसीवर. शिक्षण घरपोच आले, सोबती मात्र आले नाहीत. १९८८ साली तिथल्या एका अभ्यासक्रमात हजारावर विद्यार्थ्यांचे संगणक टेलिफोनच्या तारेने जोडले गेले. प्रणाली होती कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाची, नाव ‘कोझी’. गंमत म्हणजे या न दिसणाऱ्या आवाराचा चक्क नकाशा काढला होता; निरनिराळ्या कामांना निरनिराळ्या इमारती!

रॉबिन मेसन यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. लिहिणारे थोडे, नुसते वाचणारे पुष्कळ, असे चित्र दिसले. मग हे वाचणारे फुकटे म्हणायचे काय? मला तसे वाटत नाही. दुसऱ्याने विचारलेली शंका वाचून ‘चला, हे फक्त मलाच कळत नव्हते असे नाही’ एवढा दिलासा मिळाला, तरी पुस्तक मिटायचे राहते. पण हा दिलासा मोजायचा कसा? संदेश मोजणे सोपे, म्हणून संस्था तेच मोजतात.

पुढे कॅनडातच गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी २००० साली तीन गोष्टी पाहायला सांगितल्या: माणसे एकमेकांना माणूस म्हणून भेटतात का, शिक्षक हजर आहे का, आणि विचार पुढे सरकतो का. त्यांनी चर्चेतले थोडे संदेश तपासले. चाचपडणारे, मते मांडणारे सुमारे ४२ टक्के निघाले. निष्कर्षाला पोचलेले अवघे ४. आपल्या सोसायटीच्या सभांना बसणाऱ्यांना याचे नवल वाटू नये.

तिथे गाडी पुढे ढकलायला शिक्षकच लागतो. ‘मग आपले ठरले काय?’ असे विचारणारा, दहा उत्तरांतले धागे जुळवणारा, आठवडाभर गप्प असलेल्याला वेगळी चिठ्ठी धाडणारा. या कामाला तास लागतात, आणि काटकसरीची कात्री पहिल्यांदा याच तासांवर चालते.