गाडीमागचं बिऱ्हाड

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण सहज म्हणून जातो. ज्यांचं बिऱ्हाड खरोखरच गाडीमागे जोडलेलं असतं, अशा नवरा-बायकोंची माहिती आज आम्ही सांगणार आहोत. अमेरिकेत नोकरी संपली, मुलं आपापल्या संसाराला लागली, की कित्येक जोडपी वसंत ऋतूत घराला कुलूप लावतात आणि देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला निघतात. मुक्काम लॉजवर नाही, जेवण खानावळीत नाही. सगळं मागच्या ट्रेलरमध्ये.

आपल्याकडे ट्रॅक्टरला ट्रॉली जोडतात, तशी पिकअप गाडीला जोडलेली ही एक खोलीच. वीसेक फूट लांब, आठ फूट रुंद. आत पलंग, गॅसची शेगडी, छोटा फ्रिज, मोरी, संडास. कॅलिफोर्नियातल्या बार्स्टो गावाहून चाळीस नंबरचा महामार्ग निघतो, तो आठ राज्यं ओलांडून पूर्व किनाऱ्यावरच्या विल्मिंग्टनला पोचतो. अंतर सुमारे ४,१०० किलोमीटर. थांबत थांबत गेलं तर महिना सहज जातो.

वसंतातच का निघायचं? हिवाळ्यात ट्रेलरच्या नळांतलं पाणी गोठतं आणि नळ फुटतात. म्हणून थंडीआधी पाणी काढून टाकून त्यात न गोठणारं गुलाबी द्रावण भरून ठेवतात. मार्च-एप्रिलमध्ये ते धुऊन काढायचं, टाकी ब्लीचच्या पाण्याने साफ करायची आणि मग निघायचं. उशीर केला तर वाळवंट तापतं. तरी हवा फसवतेच. सकाळी नीडल्स गावात घाम पुसावा आणि संध्याकाळी सात हजार फुटांवरच्या फ्लॅगस्टाफला बर्फ पडत असावा, असंही होतं. पुढे ओक्लाहोमाच्या सपाट मुलखात एप्रिल-मे हे चक्रीवादळांचे महिने. त्यात ट्रेलरमध्ये बसून राहणं म्हणजे जिवाशी खेळ. तो सोडून पक्क्या इमारतीत जावं लागतं. तिथे हवामानाचा इशारा देणारा सरकारी रेडिओ आहे, पण तो सांगतो काउंटीची, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाची नावं. परगावच्या माणसाला कुठलं नाव आपलं, हेच कळत नाही. म्हणून अनुभवी प्रवासी मुक्कामाला पोचले की आधी काउंटीचं नाव कागदावर लिहून ठेवतात.

आता पाण्याचं. टाकीत साधारण दीडशे लीटर पाणी मावतं. त्यात दोघांचा स्वयंपाक, भांडी, आंघोळ. हंडे वाहिलेल्या बाईला हा हिशेब समजावून सांगायला नको. पण इथे वापरलेलं पाणीही सोबत न्यावं लागतं. मोरीच्या सांडपाण्याची टाकी वेगळी, संडासची वेगळी. रस्त्याकडेला सोडून दिलं तर दंड होतो, ठरलेल्या जागीच रिकामं करायचं. तेही क्रमाने: आधी संडासची टाकी, मग मोरीची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाईप धुऊन निघतो. आपल्या घरातलं सांडपाणी रोज किती होतं आणि कुठे जातं, हे आपल्यापैकी किती जणींना सांगता येईल?

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र वजनाची. बैलगाडीत मागे जास्त भरलं की गाडी उलाळते, हे आपल्याला माहीत आहे. ट्रेलरचंही तसंच. त्याचं पुढचं तोंड गाडीच्या लोखंडी गोळ्यावर बसतं, आणि एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार त्या गोळ्यावर यावा लागतो. मागे जड झालं तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो आणि पुढच्या गाडीलाही उलटवू शकतो. म्हणून डबे, पिठाच्या पिशव्या, अवजारं खाली आणि चाकांच्या जरा पुढे ठेवायची. बऱ्याच जोडप्यांत नवरा गाडी हाकतो आणि बायको आतलं सामान लावते. मग लोक म्हणतात, गाडी तो चालवतो. आम्हाला विचाराल तर गाडीचा तोल सामान लावणारीच्या हातात असतो.

तेवढ्यावर भागत नाही. दवाखाना ऐंशी किलोमीटरवर आणि नवऱ्याच्या छातीत कळ आली, तर? म्हणून जुने जाणते प्रवासी आग्रहाने सांगतात की दोघांनाही चालवता, मागे घेता आणि ट्रेलर सोडवता आला पाहिजे. हे शिकवणारे वर्ग आहेत, आणि त्यात बायका आवर्जून जातात. आपल्याकडेही विहिरीवरची मोटर, घरची दुचाकी बाईला चालवता येते का, हा प्रश्न हौसेचा नाही.

खर्चाचं थोडक्यात सांगतो. बासष्ट वर्षं पूर्ण झालेल्या नागरिकाला ८० डॉलरमध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आयुष्यभराचा पास मिळतो आणि सरकारी तळांवर बऱ्याच ठिकाणी मुक्कामाचं भाडं निम्मं होतं. केंद्र सरकारच्या मोकळ्या जमिनींवर पुष्कळ ठिकाणी चौदा दिवस फुकट राहता येतं.

अशा फुकटच्या जागी मात्र दुसरीही मंडळी भेटतात. २००८ च्या मंदीत अनेकांची घरं गेली, साठी ओलांडलेल्या एकट्या बायकांनाही भाडं परवडेना, आणि त्यांनी गाडीतच संसार मांडला. जेसिका ब्रुडर या पत्रकार बाईने त्यांच्यावर २०१७ मध्ये 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिलं. त्यावर क्लोई झाओ या दिग्दर्शिकेने केलेल्या चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळालं. वसंतात शेजारी उभे असलेले दोन ट्रेलर बाहेरून सारखेच दिसतात. एकातलं जोडपं महिन्याभराने घराचं कुलूप उघडणार असतं. दुसऱ्यातली बाई पुढच्या कामाचा पत्ता शोधत असते. तिकडे साखर उसाबरोबर बीटापासूनही होते, आणि ऑक्टोबरात उत्तरेकडच्या राज्यांत बीटाचा हंगाम लागला की अशा कितीतरी जणी आपलं बिऱ्हाड घेऊन शेताजवळच्या तळावर मुक्कामाला येतात.