शोधयंत्रातील क्रमबदल

आंतरजालावरील शोधयंत्राने एखाद्या प्रश्नाच्या उत्तरादाखल दिलेल्या यादीत संकेतस्थळाचे स्थान अल्पावधीत वर अथवा खाली जाणे, यास शोधयंत्रातील क्रमबदल म्हणता येईल. वाचक सामान्यतः यादीतील पहिले काही दुवेच उघडून पाहतात. त्यामुळे दुसऱ्या पृष्ठावर गेलेले संकेतस्थळ अस्तित्वात असूनही बहुतेकांच्या दृष्टिआड होते. वृत्तपत्रे, छोटे व्यापारी, स्वतंत्र लेखक इत्यादींचे उत्पन्न बरेचदा या स्थानावर अवलंबून असल्याने क्रमबदलाची कारणे ओळखणे महत्त्वाचे ठरते.

क्रमवारीची पद्धती : शोधयंत्राची स्वयंचलित संगणकप्रणाली दुव्यांच्या आधारे पृष्ठे वाचते व त्यांची सूची तयार करते, प्रश्न विचारला जाताच सूचीतील पृष्ठांची क्रमवारी लावली जाते. सर्गे ब्रिन व लॅरी पेज यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित केलेल्या ‘पेजरँक’ पद्धतीत (१९९८) एखाद्या पृष्ठाकडे निर्देश करणारे दुवे ही त्याच्या बाजूची मते मानली गेली व महत्त्वाच्या पृष्ठाच्या मताला अधिक वजन दिले गेले. पुढे तिला इतर अनेक निकषांची जोड मिळाली. या निकषांचे परस्पर प्रमाण जाहीर केले जात नाही व ते वेळोवेळी बदलते. शिवाय क्रमवारी सापेक्ष असते. म्हणून स्वतःच्या पृष्ठात अक्षराचाही फरक न होता त्याचे स्थान घसरू शकते.

प्रमुख क्रमबदल : नोव्हेंबर २००३ मध्ये गूगल शोधयंत्रात झालेल्या ‘फ्लॉरिडा’ या बदलाने ऐन नाताळच्या हंगामात अनेक व्यापाऱ्यांची संकेतस्थळे मागे पडली. ‘पँडा’ (फेब्रुवारी २०११) हा बदल निकृष्ट व उसन्या मजकुराविरुद्ध होता. प्रारंभी तो अमेरिकेपुरता लागू होऊन तेथील ११·८ टक्के प्रश्नांच्या उत्तरांवर त्याचा परिणाम झाल्याचे गूगलने सांगितले. ‘पेंग्विन’ (एप्रिल २०१२) हा कृत्रिम रीत्या मिळविलेल्या दुव्यांविरुद्ध होता. मार्च २०२४ मध्ये सुरू झालेला बदल पूर्ण होण्यास ४५ दिवस लागले. क्वचित एकाच संकेतस्थळावर कारवाई होते. बी.एम.डब्ल्यू. या मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ शोधयंत्राला एक व वाचकाला दुसरेच पृष्ठ दाखवीत असल्याने फेब्रुवारी २००६ मध्ये सूचीतून वगळण्यात आले; दोष दूर केल्यावर ते पुन्हा दाखल झाले.

निदान : वाचकसंख्या घटली म्हणजे स्थान घसरलेच असे नाही. प्रथम मोजणीच्या साधनातील बिघाड व ऋतुमानानुसार होणारा चढउतार वगळावा लागतो, उदा., फराळाच्या पाककृतींना दिवाळीपूर्वी असलेली मागणी दिवाळीनंतर ओसरते. यासाठी मागील आठवड्याशी नव्हे, तर मागील वर्षाच्या त्याच काळाशी तुलना करणे श्रेयस्कर असते. गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या विनामूल्य साधनात यादीत किती वेळा दर्शन घडले, किती जणांनी दुवा उघडला व सरासरी स्थान कोणते, हे वेगवेगळे दिसते. दर्शने व स्थान कायम असून दुवा उघडणारे घटले असतील, तर यादीचे स्वरूपच बदललेले असण्याचा संभव असतो. २०२४ पासून अनेक प्रश्नांना यादीच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले उत्तर दिसू लागले, हे त्याचे उदाहरण होय. सर्व पृष्ठे एकदम नाहीशी झाल्यास तांत्रिक चूक, उदा., पृष्ठे न वाचण्याची सूचना अनवधानाने राहून जाणे, संभवते. व्यक्तिशः केलेल्या कारवाईची नोंद त्याच साधनात मिळते.

उपाययोजना : तांत्रिक चूक तत्काळ सुधारावी. पत्ता बदलला असल्यास जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे वळण द्यावे. कारवाई झाली असल्यास दोष काढून फेरविचाराची विनंती करता येते. सर्वसाधारण बदलामुळे घसरण झाली असल्यास मात्र घाईने फेरफार करणे अहितकारक ठरते. एकाच वेळी अनेक गोष्टी बदलल्यास कशाचा कोणता परिणाम झाला हे कळत नाही. म्हणून बदल पूर्ण होईपर्यंत थांबून, घसरलेली पृष्ठे वाचकाच्या दृष्टीने तपासून ती क्रमाने सुधारावीत. सुधारणेचे फळ दिसण्यास कित्येक महिने लागू शकतात व पूर्वीचे स्थान परत मिळेलच अशी शाश्वती नसते. त्वरित यशासाठी दुवे विकत घेणे हा मार्ग नव्या घसरणीस निमंत्रण देणारा होय.

कायदेशीर बाजू : स्थान घसरल्याबद्दल दाद मिळणे कठीण असते. क्रमवारी हे शोधयंत्राचे मत असून त्यास अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे, असा निर्णय ओक्लाहोमा येथील संघीय न्यायालयाने २००३ मध्ये दिला. स्वतःच्या सेवेला झुकते माप देणे ही मात्र वेगळी बाब होय. अशा पक्षपाताबद्दल यूरोपीय आयोगाने २०१७ मध्ये गूगलला २४२ कोटी यूरो दंड केला व तो २०२४ मध्ये यूरोपीय न्यायालयात कायम झाला. भारतीय स्पर्धा आयोगानेही २०१८ मध्ये १३५·८६ कोटी रुपये दंड ठोठावला होता.

शोधयंत्रातील स्थान ही संकेतस्थळाच्या मालकीची वस्तू नव्हे. म्हणून नियमित वाचकांशी ई-पत्र, वर्गणी इ. मार्गांनी प्रत्यक्ष संबंध राखणे हाच आकस्मिक क्रमबदलावरील त्यातल्या त्यात टिकाऊ उपाय होय.