फायनल इयरवाल्यांनो, फीडबॅक फॉर्मवर नुसते ‘चार’ ठोकू नका!

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर.

आधी एक कबुली देतो. मी शेवटच्या वर्षाला होतो, तेव्हा ग्रुपवर फीडबॅकची लिंक आली. कॅन्टीनमध्ये चहा यायच्या आत मी सगळीकडे ‘चार’ दाबून मोकळा झालो. चार म्हणजे सगळं उत्तम! प्रत्यक्षात आमच्या लॅबमध्ये तिघांत एक कॉम्प्युटर होता. एक जण टाइप करायचा, दोघं बघत बसायचे.

दोन वर्षांनी मावसबहिणीने त्याच कॉलेजात ॲडमिशन घेतली. तिचा फोन आला, “दादा, इथे तिघांत एक कॉम्प्युटर आहे. तुम्ही पोरांनी कधी सांगितलं नाही का?” मला उत्तर सुचेना.

आता हा फॉर्म असतो कशासाठी, ते बघू. कॉलेजांना दर्जा देणारी नॅक, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद, तुम्हाला माहीत असेल. २०१७ मध्ये तिने मूल्यांकनाची पद्धत बदलली आणि विद्यार्थी समाधान सर्वेक्षण त्यात आणलं. कॉलेज विद्यार्थ्यांची यादी देतं आणि लिंक थेट विद्यार्थ्यांना जाते. प्रश्न एकवीस. त्यातल्या वीस प्रश्नांना चार ते शून्य गुण द्यायचे. पहिलाच प्रश्न असा : वर्गात किती अभ्यासक्रम शिकवून झाला? ८५ ते १०० टक्के असेल तर चार, ३० टक्क्यांच्या खाली असेल तर शून्य. शेवटचा प्रश्न मोकळा : सुधारणेसाठी तीन सूचना लिहा.

“माझ्या एकट्याच्या फॉर्मने काय होतंय?” असं वाटतं ना? या पद्धतीत कॉलेजातल्या दहा टक्के किंवा शंभर, यांपैकी जो आकडा कमी असेल तितकी उत्तरं पुरतात. म्हणजे दोन हजार पोरांच्या कॉलेजात शंभर. त्या शंभरात तुमचं मत एक टक्का धरतं. हे काही थोडं नाही.

दुसरी भीती : सरांना कळलं तर? इंटर्नल मार्क त्यांच्याच हातात असतात, त्यामुळे भीती खोटी नाही. नॅकच्या प्रश्नावलीत विद्यार्थ्याची ओळख उघड केली जाणार नाही, असं लिहिलेलं असतं. कॉलेजचा स्वतःचा फॉर्म मात्र वेगळा असतो. त्यात नाव, रोल नंबर मागतात का, ते आधी बघा. मागत असतील तर वर्गातल्या पाच-दहा जणांनी मिळून मुद्दे काढा आणि सी.आर.मार्फत द्या. कॉलेजच्या आयक्यूएसी समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी असतो, त्यालाही गाठता येतं.

लिहायचं कसं? “शिकवणं बोअर आहे” असं लिहिलं तर कुणी काही करू शकत नाही. त्याऐवजी असं लिहा : “पाचव्या सेमिस्टरला प्रॅक्टिकलमध्ये तिघांत एक कॉम्प्युटर होता. बॅच लहान केल्या तर प्रत्येकाला हात लावता येईल.” काय झालं, कधी झालं आणि काय केलं तर सुटेल, एवढं पुरे. माणसावर राग काढू नका, अडचण सांगा. आणि जे चांगलं होतं तेही लिहा. एखाद्या मॅडमनी सुट्टीत जादा तास घेतले असतील, तर तेही कागदावर यायला हवं.

पहिल्या वर्षाच्या पोराला सगळं नवीन असतं. तुम्ही तीन वर्षं काढलीत. काय दरवर्षी बिघडतं आणि काय एकदाच बिघडलं, हे तुम्हालाच ठाऊक. शिवाय निकाल लागला की तुम्ही पांगणार, मग विचारायला कुणी येणार नाही.

म्हणून लिंक आली की पंधरा मिनिटं काढा. तुमचा बाक आता दुसऱ्या कुणाचा तरी होणार आहे. तो नीट करून द्यायची हीच वेळ.

तुमच्या कॉलेजात तिघांत एक काय आहे? विचार करा, आणि फॉर्ममध्ये लिहा. भेटू पुढच्या भागात!