रुग्णशय्येजवळची विद्या

डोंबिवलीची माझी एक विद्यार्थिनी डॉक्टरकी सोडून परिचर्येकडे वळली, तेव्हा घरच्यांना वाटले, पोरीने सोपी वाट धरली. आपण गणित मांडू. एम.बी.बी.एस.ला आंतरवासितेसह साडेपाच वर्षे. ‘नर्स प्रॅक्टिशनर’ व्हायला बी.एस्सी. नर्सिंगची 4, अनुभवाचे 1 आणि पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रमाची 2, म्हणजे 7 वर्षे! मग ही वाट कशासाठी?

अतिदक्षता विभागात डॉक्टर फेरी मारून पुढे जातात. परिचारिका तिथेच असते. रक्तातील प्राणवायू घसरू लागला, तर नळीत कफ अडकला की बोटावरचा ऑक्सिमीटर सरकला, हे तिने क्षणात ताडायचे. (त्यातील तांबडा व अवरक्त प्रकाश हे तर आपलेच भौतिकशास्त्र!) या निरीक्षणाला निदानाची जोड देणारे शिक्षण 1965 साली अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड व डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी सुरू केले. आपल्याकडे अतिदक्षतेचा असा अभ्यासक्रम 2016 साली आला.

मात्र अमेरिकेतील अनेक राज्यांत ती स्वतंत्रपणे औषध लिहून देते. इथे डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या चौकटीतच काम करावे लागते. मला हे खटकते. तिला ते ठाऊक होते. “सर, मला रोग्याजवळ थांबायचंय,” एवढेच ती म्हणाली. सध्या ठाण्यात तिचे अनुभवाचे वर्ष चालू आहे. रात्रपाळी संपवून सकाळी ती कल्याण लोकल पकडते. उलट्या दिशेची असल्याने बसायला जागा मिळते.